रुमाल टाकलेली जागा

व्हिएन्नात उतरल्यावर आप्पांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर रिकाम्या डब्यात रुमाल टाकून जागा धरली.

डबा अख्खा रिकामा होता. विमानतळाच्या स्टॉपवर दार उघडलं आणि बॅगा बाहेरच ठेवून आप्पांनी आत हात घालून खिडकीजवळच्या सीटवर रुमाल फेकला. नेम असा, की सांगली स्टँडवरच्या जुन्या कंडक्टरनं टाळ्या वाजवाव्यात.

"आप्पा, कुणीच नाहीये इथं!" ओजू दात आवळून पुटपुटली.

"आत्ता नाही. पुढच्या स्टॉपला चढतील की. बस तू."

ओजू बसली. दुसरं करणार काय? आप्पांचा तो रुमाल एकेकाळी पांढरा होता. मार्केट यार्डात हळदीचं दुकान असलेल्या माणसाचा रुमाल किती दिवस पांढरा राहणार! आईनं कुठकुठले साबण वापरून पाहिले, पण डाग हलला नाही. त्याच रुमालानं शेट्यांच्या घरातल्या प्रत्येकाला आजवर खिडकी मिळवून दिली होती. कोल्हापूरच्या गाडीत, पुण्याच्या गाडीत. लहानपणी खिडकी ताईची आणि ताईची मांडी ओजूची, असा करारच होता.

डबा हलला. ड्रायव्हर नव्हताच. ओजूनं घरून सगळं वाचून ठेवलं होतं, आणि वाचलेलं पोटात ठेवण्याची तिला अजिबात सवय नव्हती.

"आप्पा, इथं गाडीला नंबर नसतो, ठरलेला रस्ताही नसतो. आपण फोनला फक्त कुठं जायचं ते सांगायचं. शहरभर लाखो माणसं एकाच वेळी तेच सांगत असतात. मग एक भलंमोठं गणित क्षणाक्षणाला ठरवतं, की कुठला डबा कुठल्या रुळावर वळवायचा, कुठले दोन डबे जोडून एकत्र पळवायचे आणि कुठल्या चौकात परत सुटे करायचे. वेणी घालताना पेड कसे सुटतात आणि परत गुंफतात? तस्सं. म्हणून इथली मराठी माणसं याला वीण म्हणतात."

"आणि तिकीट कोण फाडतं?"

"कुणीच नाही! आपला पासच आपण कोण ते सांगतो."

आप्पांनी समाधानानं खिसा चाचपला. कुटुंब-पास त्यांनी सांगलीतूनच काढला होता, स्वतःच्या नावावर. लाईटबिल, गॅस, आईची स्कूटर, ओजूचा फोन, सगळं जसं त्यांच्या नावावर तसाच हाही. घर एक म्हटल्यावर पास वेगळे कशाला?

खिडकीबाहेर कारखाने गेले, मग पिवळट इमारती, मग पुतळेच पुतळे. मागून एक डबा आला आणि अलगद येऊन चिकटला. दोन्ही डब्यांच्या टोकांना काच होती. पलीकडं एक आजी कुत्र्याला मांडीवर घेऊन बसली होती. ओजूनं हात हलवला, आजीनं कुत्र्याचा पंजा हलवला. इकडून तिकडं जायला दार नव्हतं, नुसतं बघता यायचं. थोडं पुढं गेल्यावर तो डबा सुटून वळला आणि कुत्रं गेलं.

"महोदया, आपला डबा मार्गात किंचित वळसा घेत आहे," ओजूच्या कानातल्या इअरफोनमधला वाटाड्या शुद्ध मराठीत म्हणाला. शाळेच्या परिपाठात सुविचार वाचणाऱ्या मुलासारखा त्याचा आवाज होता.

वळसा, हा शब्द ओजूनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पुढं तो तिला पाठ होणार होता.

ती दोघं ताईला भेटायला आली होती. ताई, म्हणजे तेजस्वी, सहा वर्षांपूर्वी इथं शिकायला आली आणि इथंच राहिली. दोन वर्षांपूर्वी आप्पा एकटेच तिच्याकडं येऊन गेले. गेले ते बोलत गेले आणि आले ते मुके होऊन आले. तेव्हापासून ताईचा फोन लागेना. विचारलं, की आप्पा म्हणायचे, "कामात असती ती. नंबर बदलला असंल." आई काहीच म्हणायची नाही. या वेळी निघताना मात्र आईनं कांदा-लसूण चटणीची पिशवी ओजूच्या सॅकमध्ये खाली, कपड्यांत गुंडाळून ठेवली आणि कानात सांगितलं, "दिसली तर दे. आणि तिला नीट बघून ये. केस, डोळे, सगळं. मला सांगायचंय तू."

ताईचा पत्ता आप्पांकडं नव्हता. त्यांची योजना ऐकून ओजूला आधी हसूच आलं होतं.

"फिरायचं. एवढं गाव आहे, दिसंल की कुठंतरी."

गाव! वीस लाख माणसांचं गाव.

पण आप्पा खरंच फिरत राहिले. सकाळी कपाळाला भस्म लावायचं, इडलीच्या पिठासारखं दिसणारं ते हॉटेलचं दही खायचं आणि निघायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक डब्यात तीन जागा धरायच्या. एक स्वतःची, एक ओजूची, आणि तिसऱ्या सीटवर रुमाल. कुणी बसायला आलं, की आप्पा हात आडवा करून मराठीत सांगायचे, "माणूस येणाराय." लोक बिचारे उभे राहायचे. ओजूला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आणि मग त्या रिकाम्या सीटकडं बघून दुसरंच काहीतरी व्हायचं.

वळसे मात्र थांबेनात. सरळ रस्ता दिसत असताना डबा मध्येच वाकायचा. कधी स्टॉप ओलांडून पुढं जायचा, कधी पुलाच्या तोंडाशी उगाच ताटकळायचा. बाकीचे डबे सरळ निघून जायचे.

शेवटी ओजूनं नाश्त्याच्या टेबलावर वाटाड्यालाच धरलं. "आमच्याच डब्याला सारखा वळसा का?"

"महोदया, आपल्या पासच्या संदर्भात अंतर राखण्यात येत आहे. अधिक माहिती देण्याची मला परवानगी नाही."

अंतर. ओजूनं शोधून शोधून वाचलं, आणि वाचता वाचता हातातला पाव तसाच राहिला.

गणिताला प्रत्येक माणूस कुठं आहे ते कळतं. म्हणजे दोन माणसांची भेट घडवणं त्याच्या हातात आहे, तसं भेट टाळणंही. इथल्या बायकांनीच ही सोय मागून घेतली होती. कुणाचा जाच होत असेल, तर न्यायाधीशासमोर सांगायचं. एकदा मंजूर झालं, की ती दोन माणसं एका डब्यात, एका स्टॉपवर, एका रस्त्यावर कधीच येत नाहीत. वीण त्यांना हळूच बाजूबाजूनं नेते. पायी जवळ आलं, तर जिला जपायचं तिला आधीच सूचना मिळते. फोनसुद्धा लागत नाही. ना भांडण, ना पोलीस. एका माणसाभोवती शहर गुपचूप वाकतं, एवढंच. आणि वळशांवरून कुणी माग काढू नये म्हणून वीण रोज मुद्दाम आठ-दहा खोटे वळसेही टाकते.

दुपारी कालव्याच्या कडेनं जाताना डबा पुन्हा वाकला तेव्हा ओजूनं विचारलं, "आप्पा, मागच्या वेळी इथं काय झालं?"

"काय व्हायचंय?"

"ताईशी."

आप्पांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. "रोज तिच्या स्टॉपवर जाऊन उभा राहायचो. बोलायची नाही. एक दिवस हात धरला. म्हटलं, चल घरला. पोरीचा हात बापानं धरायचा नाही?"

"मग?"

"मग काय. डब्याची पायरी ओली होती."

  मधल्या सीटवरचा रुमाल डब्याच्या हिसक्यानं सरकला होता. आप्पांनी तो नीट केला.

त्या दिवशी ओजू खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आप्पांवर राग होताच. पण खरा काटा वेगळा होता. आप्पांचं समजू शकतं, पण मी काय केलं? ताईला मीही नको झाले? चौथीत तिच्या पाठीवर बसून कृष्णा ओलांडणारी मी?

आणि तिथंच तिच्या डोक्यात दिवा पेटला. ती उठून बसली.

पास आप्पांच्या नावावर होता! फोनसुद्धा! विणीला ओजू नावाचं कुणी माहीतच नव्हतं. तिच्या लेखी ओजू म्हणजे बसवराज शेट्यांच्या पासचा एक तुकडा. शहर तिला चुकवत नव्हतंच.

सोळा वर्षांवरच्या कुणालाही इथं स्वतःचा पास घेता येत होता. ओजूनं शाळेच्या टॅबवर घेतला. नाव: ओजस्वी शेटे. मध्ये वडिलांचं नाव मागितलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट फक्त तिच्या नावावर झाली, आणि ती पलंगावर उड्या मारायच्या बेतात होती. पण कशासाठी घेतला ते आठवलं आणि उडी आतच राहिली.

आता ताई शोधायची कुठं? खऱ्या-खोट्या वळशांचा नकाशा तिच्या डोक्यात होता. रोज सकाळी पहिला वळसा पडायचा तो काचेच्या छपराच्या एका जलतरण तलावाजवळ. दुसऱ्या कुणाला तो दहांतला एक वाटला असता. ओजूला नाही वाटला. ज्या मुलीला पाठीला सुके भोपळे बांधून कृष्णेत पोहायला शिकवलं, जी परीक्षेच्या दिवशीही घाटावर बुडी मारूनच पेपरला जायची, ती सकाळी दुसरीकडं कुठं असणार?

शिकवलं होतं आप्पांनीच. रोज त्याच काचेजवळून वाकून जाताना त्यांना ते एकदाही सुचलं नव्हतं.

परतीच्या दिवशी सकाळी आप्पा पूजेला बसल्यावर ओजू म्हणाली, "खालून दूध आणते." फोन पलंगावर ठेवला, टॅब सॅकमध्ये टाकला, चटणीची पिशवी छातीशी धरली आणि निघाली.

एकटीनं डब्यात बसताना तिनं जागा धरली नाही. पण प्रत्येक चौक आला, की दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरायची. इथं वाकला तर? स्वतःच्या नावावरही वाकला तर? मग खरंच ताईनं मलाही... पूल आला. डबा थांबला.  मग डबा हलला, आणि सरळ गेला. सरळ! रोज ज्या वळणावर तोंड फिरवायचा, तिथून अगदी नाकासमोर.

काचेच्या छपरापुढं ओली वेणी पिळत ताई उभी होती.

"ताई!"

ताईनं आधी ओजूकडं बघितलंच नाही. तिच्या मागं बघितलं. डावीकडं, उजवीकडं, डब्याच्या दारात. तोंडाचा रंग उडाला होता. ते बघून ओजू धावायची थांबली.

"एकटी आहे मी. शप्पथ. माझ्या पासवर आलेय."

मग ताई खालीच बसली, फुटपाथवर. ओजू तिच्या गळ्यात पडली. क्लोरिनचा वास, ओले केस, आणि दोघींच्या मध्ये चेंगरलेली चटणी.

"केवढी झालीस गं माकडे! आणि पुढचा वाकडा दात कुठंय?"

"तार लावून सरळ केला."

"मला न विचारता?"

"विचारणार कुठं? फोन लागतो होय तुझा?"

ताई हसली. पिशवीला नाक लावून डोळे मिटून बसली. "आई बरीय?"

"आहे. तुला बघून यायला सांगितलंय. केस, डोळे, सगळं." ओजू खरंच निरखू लागली. "हात असा का धरतेस?"

ताईनं डावं मनगट पुढं केलं. ते अर्धंच वळत होतं. "पायरीवर पडले तेव्हा मोडलं. आता एकाच कुशीवर पोहते. जमतं."

ओजूनं त्या मनगटाला बोट लावून बघितलं.

"ओजू, ते वाईट नाहीत," ताई हळूच म्हणाली. "मी पडल्यावर तेच रडत होते. पण तेव्हासुद्धा हात सोडला नाही त्यांनी. मोडलेला. मग पुढच्या वर्षी चुलतमामांना पाठवलं. आधी दोन दिवस, तुम्हाला घरी न सांगता, स्वतः त्यांच्याबरोबर फिरले, मग त्यांना एकटं माझ्या मागं सोडलं. तेव्हा मी सगळ्यात कडक अंतर मागून घेतलं. आता जो त्यांच्या सोबत डब्यात बसतो, तोही त्यांच्यातलाच धरला जातो."

"पण मला सोडलं की आज."

"तुझा पास नवा आहे. विणीला तुझी सोबत अजून माहीत नाही. तू त्यांच्या शेजारी एकदा बसलीस, की कळेल."

"मग तू काढून टाक ना माझ्यापुरतं!"

"माझ्यापुरतं, तुझ्यापुरतं असं नसतं गं. काढलं तर सगळंच निघतं. त्यांच्यासकट." ताईनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. "मला नाही जमत, ओजू. अजून नाही. स्टॉपवर पांढरा शर्ट दिसला तरी मी आल्या पावली परत फिरते."

एक डबा आला, माणसं उतरली, गेला.

"आज दुपारी विमान आहे," ओजू म्हणाली. "विमानतळापर्यंत त्यांच्याबरोबरच..."

"विमानाचं काही नाही, ते विणीबाहेर आहे. पण डब्यात..." ताईनं वाक्य अर्धंच सोडलं. मग मोठ्या बहिणीच्या जुन्या आवाजात म्हणाली, "हे बघ, तू त्यांच्याबरोबरच जा. ते एकटे चुकतील. त्यांना मराठीशिवाय धड काही येत नाही. ऐकतीयस ना? मी काही म्हणणार नाही."

निघताना तिनं ओजूला घट्ट धरलं आणि लगेच सोडलं. आधी तिनंच सोडलं.

खोलीत आप्पांनी बॅगा बांधून ठेवल्या होत्या. "दूध कुठंय?"

ओजूचे हात रिकामे होते. "मिळालं नाही."

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. तिच्या खांद्यावर वेणीच्या पाण्याचा ओला डाग होता. मग सॅककडं बघितलं. इतके दिवस कपड्यांतून येणारा लसणाचा वास आता येत नव्हता. हळदीच्या माणसाचं नाक ते. आप्पांनी कप जवळ ओढला. कोराच चहा प्याले.

स्टॉपवर उभं राहिल्यावर त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेकदा नजर टाकली. मग डबा आला, दार उघडलं, आणि रुमाल आत गेला. खिडकीची जागा. बॅगा चढवून आप्पा शेजारी बसले. "ये."

ओजू खालीच उभी होती.

वर चढायचं म्हणजे फक्त एक पायरी. आत तिचे आप्पा होते. परक्या गावात तिच्यासाठी लोकांशी भांडून खिडकी धरणारे. वाटेत डबा बदलायची वेळ आली, तर त्यांना तेही जमणार नव्हतं. आणि ती एक पायरी चढली, की ताईपर्यंतची ती सरळ वाट, आता लागू शकणारा तिचा फोन, आईला सांगायचे ते डोळे, सगळ्याला वळसा. कायमचा.

"ओजू, दार बंद होईल. ये की!"

"तुम्ही व्हा पुढं, आप्पा," ओजू म्हणाली. आवाज तिचाच होता, पण कुठूनतरी लांबून आला. "हा डबा थेट विमानतळावर जातो, बदलायचं नाही. मी विचारून घेतलंय. शेवटच्या स्टॉपला उतरा आणि तिथंच उभे राहा. मी मागच्यानं येते."

"मागच्यानं कशाला? जागा आहे की! धरलीय मी!"

"माझा पास वेगळा आहे आता."

 आप्पांचा उजवा हात पुढं आला, दाराबाहेर, तिच्या मनगटाच्या दिशेनं. ओजू मागं सरली. अर्धं पाऊल, तिच्याही नकळत.

आप्पांनी ते अर्धं पाऊल बघितलं. आधी कुठंतरी बघितलेलं असावं तसं बघितलं. हात हवेतच थांबला आणि हळूहळू मागं गेला. पायरी कोरडी ठणठणीत होती.

दार मिटलं.

मागचा डबा लगेच आला. ओजू चढली, पुढच्या टोकाला काचेशी जाऊन उभी राहिली. शहर संपता संपता, पुलाच्या उतारावर, विणीनं आपलं गणित केलं. एकाच ठिकाणी जाणारे दोन डबे तिनं जवळ आणले. तिच्या लेखी त्या दोन पासांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. हलकासा धक्का बसला आणि डबे जुळले.

काचेपलीकडं आप्पांची पाठ होती. पांढरा शर्ट, मान खाली. शेजारच्या सीटवर पिवळा डाग पडलेला रुमाल. ओजूनं काचेवर तळहात टेकवला. ते वळले नाहीत.

पुढच्या स्टॉपला गर्दी चढली. हातात पिशव्या घेतलेली एक बाई आप्पांच्या सीटजवळ आली, रुमालाकडं बोट करून काहीतरी विचारू लागली. आप्पांनी मान वर केली. रुमाल उचलायला हात नेला, आणि तसाच रुमालावर ठेवला. मग दुसरा हात आडवा करून ते काहीतरी म्हणाले. काचेतून ऐकू येत नव्हतं. ओजूला ऐकायची गरजही नव्हती.

विमानतळ येईपर्यंत त्यांनी ती जागा कुणाला दिली नाही.